चोच

अक्काची बोटं सकाळी उघडत नाहीत.
कोमट पाण्याच्या पातेल्यात बुडवून ती बसते अर्धा तास,
मग तेंदूची पानं, मग मांडीवर सूप, मग दोरा.
पूर्वी दिवसाला हजार विड्या.
आता चारशेवर अंगठा टम्म,
आणि कारखान्यात मोजणारा त्यातल्याही
पन्नास छाट म्हणून बाजूला सारतो.

सिव्हिलच्या ओपीडीत बुधवारी
डॉक्टर फरहाना बागवान, तिशीच्या आतली पोर,
रिपोर्टच्या कोऱ्या पाठीवर तिने एक लांब दोरी काढली,
मधे मधे गाठी.
म्हणाली, ह्या गाठी तुमच्या नाहीत, माझ्याही नाहीत.
माणूस माणूसही झाला नव्हता तेव्हा
कुठल्याशा वानराच्या बीजात विषाणू शिरला
आणि परत गेलाच नाही.
शंभरातले आठ हिस्से असलंच जुनं सामान.

शेकडा आठ? अक्का म्हणाली,
पतसंस्थेचा दर की ओ हा.

मी जेकॉर्डचे पत्ते पाडतो.
मला गाठी नाही कळल्या, भोकं कळली.
भोक असेल तिथं सुई आत जाते, धागा उचलतो.
नसेल तिथं धागा पडून राहतो, बस.
साखर पेठेत आमच्या माळ्यावर
बंद गिरणीचे पत्ते होते, मोराची नक्षी,
नानांनी हातानं पाडलेली.
पुठ्ठा महागला तसे ते आम्ही नव्या गठ्ठ्यांत ओवले,
जुन्या भोकांवर कागदाच्या चकत्या, खळीनं चिकटवून.
वीस वर्षं मोर गप्प.

एका मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला.
खळ सुकली. चकत्या गळाल्या असतील, कुणी बघितलं?
हॉटेलच्या पांढऱ्या टॉवेलात
किनारीपासून चार बोटांवर
एक चोच उमटली.
नुसती चोच.
चेकिंगच्या नरसव्वानं आरोळी ठोकली.
तिचं काय चुकलं, परकं दिसलं की ओरडायचं
ह्याचाच पगार तिला.
तिनं तो टॉवेल टराटरा फाडला, मग शेजारचा,
मग चोच नसलेलेसुद्धा.
संध्याकाळपर्यंत अख्खा लॉट चिंध्या.

हे मी डॉक्टरला सांगितलं.
ती पेन खाली ठेवून ऐकत राहिली.
तसंच, म्हणाली. म्हणजे आम्हाला तसं वाटतंय.
चकती कशानं गळते, वय, बाळंतपण, मागचा एखादा ताप,
नक्की सांगता येत नाही.
चोच आधी की सूज आधी, तेही नाही.
शरीराला वाटतं वैरी घरात घुसला.
तो तर घरातच होता.

मग काढून टाका की तेवढी गाठ, अक्का म्हणाली.

डॉक्टर हसली नाही.
पोटुशी बाईला वार धरते ना, म्हणाली,
आई आणि बाळाच्या मधली,
ती घट्ट विणायची कृती
अशाच एका गाठीत लिहिलेली आहे.
ती नसती तर तुमची रजनी नसती.
मी नसते.
बाहेर पुढच्या नंबरचा पुकारा झाला.

रिक्षात अक्का गप्प. सात रस्ता गेल्यावर म्हणाली,
अंबू, तो मोर अख्खा कसा होता रे?
मी म्हटलं, पिसारा मिटलेला. मान मागं वळलेली,
कुणी हाक मारल्यासारखी.

गोळी आठवड्याला एकच, सोमवारी.
बाकीचे सहा दिवस पातेलं.
रात्री मी माळ्यावरून उरलेला गठ्ठा उतरवला,
पत्ता बल्बसमोर धरला,
उजेडाचे ठिपके अक्काच्या पेरांवर पडले,
तिनं मूठ मिटून बघितली, अर्धीच मिटली.
मग उठली. स्टोव्हला पंप मारता मारता
माझ्याकडं न बघता म्हणाली,
खळ शिजवू का थोडी?