सोल

पेंटरनं पोस्टरवर लाल अक्षरांत लिहिलं होतं,
खाली पिवळी सावली देऊन:
'सोल सिंगर पंचफुला गजभिये आणि पार्टी'.
इंदोऱ्याच्या चौकात पोट्टे हसले.
सोल? कोणत्या चपलेचा बे?
ती माईकपाशी आली, पदर खोचला,
म्हणाली, हाव, चपलेचाच.
अंगाखाली राहून झिजते ना, ते.

भंतेजींनी एकदा विचारलं, रागावून नाही,
आपण तर आत्मा मानत नाही, बाई,
मग हे गाणं कोणाचं?
यावर ती काही बोलली नाही.
पुढं चाळीस वर्षं गात राहिली.
ते उत्तर होतं की टाळाटाळ,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या काळी सोनेगावला मध्यरात्री
चार दिशांची टपालाची विमानं उतरायची,
पोती बदलून पहाटेआधी उडायची.
तिचा बाप पोती वाहायचा.
एका रात्री बाकाखाली
कोणाची तरी विसरलेली तबकडी सापडली.
आठ दिवस ठेवली, कोणी विचारायला आलं नाही,
मग भाकरीच्या फडक्यात गुंडाळून घरी आणली.
घरात वाजवायला काही नव्हतं.
महिनाभर पोरगी ती उजेडात धरून
नुसती पाहायची.

अजनीच्या रेल्वे कॉलनीत, डेस्मंड गार्डाकडे
सुई टेकली, आणि समुद्रापलीकडची एक बाई
अशी ओरडली, की पंचफुलाला वाटलं
ही आपल्या नळावरचीच,
हिचीही घागर कोणी मागं सारलीय.
शब्द एकही कळला नाही.
तबकडीला चीर होती. एका जागी सुई उडायची,
बाई अर्धा श्वास गिळायची, अन् पुढून सुरू.
पंचफुला गाणं शिकली
चिरेसकट.

शालिक बोंदरे, सक्करदऱ्याच्या लग्नबँडचा ढोलवाला.
इद्रीस, मोमीनपुऱ्याचा, बुलबुलतरंग घेऊन.
ड्यूटी नसली की डेस्मंड.
गाणी तिचीच: मिलचा भोंगा, तिसरी पाळी,
कापसाचा धुरळा खोकणारा भाऊ.
मुंबईच्या कंपनीनं बोलावलं,
म्हणाले, ताई, आवाज जरा बारीक करा.
आवाज म्हणजे ब्लाउज आहे काय, ती म्हणाली,
शिवण घ्यायला?
रात्रीच्याच गाडीनं परत.

कॅसेट निघाली एक. इतवारीत,
कूलरच्या दुकानामागच्या खोलीत, मे महिन्यात.
मी बारा वर्षांचा. माझं काम एकच,
गाणं सुरू व्हायच्या आधी कूलर बंद करायचा.
शेवटच्या गाण्याला विसरलो.
ऐका कधी: तिच्या आवाजाखाली
पंपाचं पाणी टपटपतंय, ओल्या ताटीतून वारा येतोय.
मी रडायच्या बेतात.
ती म्हणाली, राहू दे रे.
नागपुरात कोणी जीव लावून गायलं
तर कूलर घुरघुरणारच.

नंतर तबकडी टिनाच्या छपराखाली
एका उन्हाळ्यात वाकून वाटीसारखी झाली.
तिनं त्यात बटणं ठेवली.
मी गेलो तेव्हा त्याच वाटीतून बटण शोधून
माझ्या शर्टाला लावून दिलं,
दातानं दोरा तोडला.
गाण्याबद्दल काही बोलली नाही. गुडघ्यांबद्दल बोलली.

परवा कामठी रोडवर ट्रकवर स्टेज,
निळे दिवे, छातीत धडधडणारे स्पीकर,
अन् विशीतली एक पोरगी, केस बारीक कापलेले,
मधेच अर्धा श्वास गिळून पुढून सुरू झाली.
खाली उतरल्यावर विचारलं,
हे कुठं शिकलीस?
म्हणाली, कुठं म्हणजे?
आमच्याकडं असंच गातात, काका.
चिरेचं सांगणार होतो.
तिला कोणी हाक मारली, ती गेली.

घरी आलो. कूलर सुरू होता.
कॅसेट लावली, आणि तो
तसाच राहू दिला.