निमाणी, शालिमार, द्वारका

रविवार कारंज्यापाशी एक माणूस पाटीत पिल्लं घेऊन बसलेला,
गुलाबी, हिरवी, निळी,
रंगपंचमीला अजून महिना होता.
वीसला एक, सत्तरला चार.
मुलगा म्हणाला, रंग गेला की आतून काय निघतं ते बघू.
निघालं ते मळकट पांढरं, आणि दिवसभर भुकेलं.

नावं त्यानेच ठेवली, सिटीबसच्या पाट्या वाचून वाचून:
निमाणी, शालिमार, द्वारका.
चौथं सगळ्यात आडदांड,
त्याचं सीबीएस.

सिडकोतल्या आमच्या घराचं अंगण म्हणजे
मोटारसायकल लावून उरते तेवढी फरशी.
द्राक्षांच्या क्रेटचं खुराडं केलं,
दाराला परकराची नाडी.
मी मशीनवर बसले की त्या पायाशी येतात,
अस्तराच्या कातरणांत उकरत राहतात.
काही सापडत नाही. उद्या पुन्हा उकरतात.

एकदा निमाणीने हूक गिळला.
गिऱ्हाईक समोर उभं, ब्लाउज एका बाहीचा,
आणि मी हिची मान तेल लावून चोळतेय.
जनावरांचे डॉक्टर म्हणाले, वाट बघा, पडेल.
दोन दिवस आम्ही तिची शीट चाळली.
चाळणी चहाची होती.
हे बहिणीला अजून सांगितलेलं नाही.

वास येतो. लपवून उपयोग नाही.
कितीही भुसा टाका, दुपारी दोनला येतोच.

पहिलं अंडं द्वारकेचं, ऑगस्टातल्या मंगळवारी.
दिलं आणि साऱ्या गल्लीला ओरडून सांगितलं.
लिंबाहून जरासं मोठं, टोकाला रक्ताचा ठिपका.
मुलाने गालाला लावून पाहिलं, कोमट होतं.
भुर्जीच्या गाडीवर डबल मागणारी माणसं आम्ही,
तीन दिवस ते कुणी फोडेना.

आणि सीबीएस
पहाटे साडेतीनला आरवू लागला.
शेजारचे खैरनार सातपूरची दुसरी पाळी संपवून
एकला घरी येतात.
भांडले नाहीत. नुसते गेटपाशी येऊन उभे राहिले,
दाढी वाढलेली, डोळे लाल.
त्या रात्री मी सीबीएसवर डालगं झाकलं,
वर गोधडी, वर कणकेचा डबा.
कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, म्हणतात.
म्हण करणाऱ्याच्या शेजारी खैरनार राहत नसणार.
उजाडण्याबद्दल माझं काहीच म्हणणं नव्हतं,
आवाज तेवढा डालग्यात राहावा.
राहिला नाही.

गिरणाऱ्याला नणंदेची द्राक्षबाग आहे, तिकडे न्यायचं ठरलं.
पोत्यात घातल्यावर तो पहिल्यांदाच गप्प झाला.
मुलगा बसमध्ये पोतं मांडीवर घेऊन बसला.
कंडक्टर ओरडला, सीबीएस, सीबीएस!
पोत्यातून उत्तर आलं.
अख्खी बस हसली.
मुलगा खिडकीबाहेर बघत राहिला.

जानेवारीत, पारा सातावर आला त्या रात्री, बोका आला.
नाडीची गाठ मीच मारली होती,
घाईत, लग्नसराईची सतरा ब्लाउजं डोक्यावर.
सकाळी फरशीभर पिसं.
झाडू मारताना आठवलं,
शालिमार आणली तेव्हा हिरवी होती.
आता दाराला कडी आहे. तेव्हाही सत्तर रुपयांत आली असती.

सध्या द्वारका खुडूक बसलीय.
आधी बॉबिनच्या डब्यावर बसली होती,
उठवलं की चोच मारते, पुन्हा तिथेच.
कोंबडा नाही, अंडी उबून काय होणार,
मी भिंतीपलीकडे बोलले असेन कधीतरी.
परवाच्या परवा खैरनार आले,
जेवणाच्या डब्यात भुसा, भुशात सहा गावरान अंडी.
दिंडोरीच्या कुणा सोबत्याकडून आणली म्हणे.
मी म्हटलं, भाऊ, यातून कोंबडा निघाला तर?
ते डबा पुसत म्हणाले,
डालगं आहे ना अजून?

तिसरा दिवस आज.
मशीनला तेल घातलंय,
खडखड कमी व्हावी म्हणून.