शिल्लक

एकतीस मार्च, संध्याकाळचे सहा.
निपाणीच्या सरकारी दवाखान्यात
मी दंत विभागाचं रजिस्टर उघडतो.
लिहायचं कन्नडमध्ये, बेरीज मात्र
अजून पत्र्याच्या शाळेतल्या पाढ्यांनीच,
हातचा एक
ओठांतल्या ओठांत.

मंजूर, एक लाख ऐंशी हजार.
खर्च, तेवीस हजार चारशे दहा.
त्यात भुलीच्या सुया, कापूस,
खुर्चीवर घालायचं प्लास्टिक,
दोनदा दात घासा म्हणणारा एक फलक
(तो गेटच्या तारेला अडकून फाटला)
आणि फलकाच्या उद्घाटनाचा चहा.

खुर्ची आली तेव्हा टेम्पोतून उतरवायला
आम्ही सातजण होतो.
कॉम्प्रेसर दीड वर्षानं आला,
दुसऱ्याच कंपनीचा. नळी जुळेना.
तेव्हापासून रात्रपाळीचा मल्लाप्पा
तिच्यावर पाय वर करून झोपतो,
विमानातून कुठंतरी निघाल्यासारखा.

गुरुवारी चिक्कोडीहून हिरेमठ डॉक्टर येतात.
लाकडी खुर्चीत बसवून, खिडकीच्या उजेडात
दात काढतात.
भरायचं साहित्य इंडेंटमध्ये आहे,
इंडेंट बेंगळूरला आहे.
काढणं फुकट.
वाचवणं यादीत नाही.

त्या गुरुवारी वखारीतल्या बायका आल्या,
पदराला तंबाखूचा खकाणा,
त्यांच्या मागोमाग अख्खी ओसरी शिंकत होती.
द्रौपदाक्का मेणसे पुढं झाली, गालाला हात लावून.
"दाढ दुखुलालीय बाई, चार रात्री डोळा न्हाई."
डॉक्टर आत वाकून बघत राहिल्या, बराच वेळ.
म्हणाल्या, ही जगेल.
मूळ साफ करून वर टोपी बसवली तर
तुमच्याबरोबर म्हातारी होईल.
पण इथं नाही.

कोल्हापूर तासाभरावर.
पण कोगनोळीचा नाका ओलांडला की
तिच्या कार्डावर उरतो तो फक्त तिचा फोटो.
गावातला खाजगीवाला चार हजार सांगतो.
द्रौपदाक्कानं बोटांवर हिशेब केला,
माझ्या कॅल्क्युलेटरच्या आधी:
वीस हजार विड्या.
मग तोंड उघडलं
आणि डोळे मिटले.

जाताना म्हणाली, कागदात बांधून द्या,
माझी हाय, मी नेतो.
औषधाच्या पावतीत मी ती गुंडाळली.
अजून गरम होती.
रजिस्टरात लिहिलं:
दात काढणे, एक. खर्च, निरंक.

आता उरलेले एक लाख छप्पन हजार पाचशे नव्वद
रात्री बारापर्यंत परत पाठवायचे.
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात,
पण कुणीतरी वर बसून
आमचेच दात कोरतंय आणि ढेकर देतंय,
असं मला वाटतं. वाटतं नुसतं.
मी द्वितीय दर्जाचा कारकून आहे.

कॉम्प्युटर कारण विचारतो.
तीनच पर्याय: मागणी नाही,
निविदा नाही, इतर.
गेल्या वर्षी मी 'मागणी नाही' दाबलं होतं,
कारण त्यावर कुणी उलट प्रश्न विचारत नाही.
हे मी घरी सांगितलेलं नाही.

या वर्षी 'इतर' दाबलं.
चाळीस अक्षरांची चौकट उघडली.
जीभ आपोआप डावीकडं गेली,
तिथं माझीही एक दाढ नाही,
गेल्या श्रावणात त्याच खिडकीशी काढलेली,
तीही जगली असती.
मी लिहिलं, वीस हजार विड्या.
खोडलं.
नळी जुळत नाही, लिहिलं.
तेही खोडलं.
खकाणा, खिडकी, पावती, काय लिहू,
एवढ्यात पडदा पांढरा झाला:
सर्व्हर बंद आहे, आपली रक्कम
परत घेण्यात आली आहे, धन्यवाद.

कारणाची चौकट रिकामीच गेली.
दिवा घालवून निघालो
तेव्हा आतल्या खोलीत मल्लाप्पा कुशीवर वळला
आणि त्याच्या खालचं प्लास्टिक,
तीन वर्षांचं, तरी नवंकोरं,
करकरलं.