बेचाळीस नंबर

उद्यमबागेत मोटारी भरते मी, अठ्ठावीस वर्षं.
पंपाच्या, चक्कीच्या, गुऱ्हाळाच्या चरकाच्या.
तारेचा नंबर नखावर कळतो मला,
डोळ्यांचं काम नाही त्यात.

इनासमामा लोंढ्याहून सकाळच्या गाडीनं आले.
खिशातून काडेपेटी काढली,
काडेपेटीत कापूस,
कापसात दिवा.
मी म्हटलं, कुठाय?
म्हणाले, श्वास धर आधी.

राळ्याच्या दाण्याएवढा.
पोटाला दोन ठिपके, तिथं तार डकवायची.
गुंजी स्टेशन करूलेत ते पाटावर,
मीटरगेजच्या वेळचं,
जिथं रोज दिवेलागणीला शिडी चढून
त्यांनी सिग्नलात रॉकेलचा दिवा ठेवला.
खांब आता वीतभर. शिडी आहे.
तारेनं शिडीच्या आडून खाली यायचं
आणि कुणाला दिसायचं नाही.

छत्तीस नंबर खांबाला लावून बघितली.
जहाजाचा दोर.
"म्हस बांधूलोय काय गे मी?"

चव्वेचाळीस काढली, घड्याळाच्या कॉइलची.
ती दिसत नव्हती, हे खरं.
पण शेजारच्या लेथवाल्या मल्लप्पाला शिंक आली
आणि ती तुटली. कुठं तुटली
तेही सापडेना.

मग बेचाळीस.
मेलेल्या रिलेच्या पोटातून उकलली,
कोऱ्या चहाच्या रंगाची.
वाटतं उघडं तांबं, पण अंगावर इनॅमल असतं,
तसंच जोडलं तर वीज दारातच उभी राहते.
ब्लेडनं खरवडावं तर तारच जाते.
सोल्डरिंगच्या टोकावर कथलाचा थेंब धरायचा,
त्यात तार बुडवून तीन आकडे मोजायचे.
धुराचा एक केस वर गेला
की समजायचं, साल निघाली.

दिवा हिरवा नको का, मी विचारलं.
पिवळाच, म्हणाले.
काच निळी असायची. रॉकेलची ज्योत पिवळी,
निळ्यातून बघितली की हिरवी.
आमच्या खांबावर हिरवं असं काही नव्हतंच.

बॅटरी लावली.
वेल्डिंगसारखा पेटला.
त्यांनी तोंड फिरवलं.
हजाराचा रेझिस्टर घातला, मग पाच हजारांचा, मग दहा.
दर वेळी, "अजून उतर."
तेहेतीस हजारांवर गप्प झाले.
मला तर पेटलाय की नाही कळेना.
मल्लप्पानं शटर अर्धं ओढलं, तेव्हा दिसला.
मामा म्हणाले, आता गुंजीत सात वाजले.

आणि गाडी? गाडी कुठाय, मामा?
गाडी अजून केली नाही.
"सिग्नलचा हात पडल्याबिगर
गाडी येईल कशी?"

तार आम्ही वजनावर विकतो.
चार मीटर ताटलीत ठेवली,
काटा हलला नाही.
अशीच न्या म्हटलं तर ऐकेनात.
रेल्वेतला माणूस, पावती पाहिजे.
मी लिहिलं: तार, नंबर बेचाळीस, वजन
आणि पेन तिथंच अडलं.
"सोन्नी बरी, अक्का," मल्लप्पा म्हणाला.
मी शून्य काढलं.

ती पावती चार घड्या घालून
त्यांनी काडेपेटीत ठेवली,
कापसाच्या खाली.