कितीचे बूट

शनिवारी मुलाच्या वाढदिवसाला बोलिंगला गेलो,
तर काउंटरपलीकडे लाइल टेनहाकेन.
आमच्या कंपनीचा सत्तेचाळीस नंबरचा ट्रक,
जांभळ्या टीशर्टात, छातीवर दुसऱ्याच मालकाचं नाव.
"कितीचे बूट?" त्यानं विचारलं,
मग मान वर केली.

मुलाचा पाच, माझा आठ.
त्यानं बुटांत फवारा मारला, नाड्या सैल करून दिल्या,
आणि आम्ही हवेबद्दल बोललो.
सू फॉल्समध्ये हवा नेहमी मदतीला येते.

सोमवारी त्याची नोंद माझ्या स्क्रीनवर.
शुक्रवार रात्रीपासून एक सरळ रेघ : सुट्टी.
चौतीस तास सलग, म्हणजे मागचं सगळं माफ,
पाटी कोरी,
पुढचे सत्तर तास पुन्हा त्याचे.

कायद्यात लिहिलंय, मोबदला घेतलास की ते काम.
मग हातात स्टिअरिंग असो
नाहीतर कुणाच्या पोराचे ओले बूट.
शनिवारचे सात तास धरले की रेघ तुटते,
पाटी भरलेलीच राहते सहासष्टवर.
उरले चार.
चारात ओमाहा होतं. परतणं होत नाही.

मी फोन केला.
तो म्हणाला, बुधवारी गोदामाच्या दाराशी
पाच तास उभा होतो, फोर्कलिफ्टची वाट बघत.
ते कायद्यानं मोजले, तुम्ही नाही मोजले.
खरं आहे. आम्ही मैल मोजतो.

मग बराच वेळ नुसतं इंजिन ऐकू येत होतं.
म्हणाला, काल रात्री बाबा अनवाणी बर्फात गेले,
गाई दोहायला.
गाई विकून एकोणीस वर्षं झाली.
पहाटेपर्यंत त्यांचे पाय कोमट पाण्यात धरून बसलो होतो.
ते कशात टाकतेस?

मी पुस्तिका उघडली नाही. मला पाठ आहे.
त्याला पैसे मिळत नाहीत,
ती विश्रांती.

मी शनिवारखाली सात लिहिले,
मान्यतेसाठी त्याच्याकडे पाठवले.
ओमाहाचा माल कुणाला द्यावा ते बघत बसले.
नऊ मिनिटांनी हिरवी खूण आली,
आणि खाली, शेऱ्याच्या चौकटीत,
जिथं सहसा कुणी काही लिहीत नाही :

पोराला बूट सैल झाले का?