तेरावा महिना

देब्रे ताबोरच्या दवाखान्यात, नोंदणीच्या खिडकीमागे
अस्नाकेच संगणकाला अम्हारिक शिकवते आहे.
मी शेजारच्या स्टुलावर, कंत्राटी माणूस,
हातात पासवर्डची चिठ्ठी.

यादी लांबलचक. तिची भाषा मात्र पहिल्याच पानावर.
टिचकी. पंखा घरघरतो.
वीज जायच्या आत उतरेल ना?
एकेक पाटी पालटत जाते, ‘जतन करा’, ‘छापा’, ‘रद्द’,
पाय फाकवून उभी असलेली ती ठेंगणी अक्षरं
बाजारातून चालत यावीत तशी येऊन रांगेत बसतात.
दोन शब्दांमध्ये दोन टिंबं. वाक्य संपलं की चार.
एवढी कशाला, मी विचारतो.
‘दम खायला,’ ती म्हणते.

मग प्रदेश. चलन, बिर्र.
मग घड्याळ, आणि इथे गाडं अडतं.
यंत्र म्हणतं सकाळचे सात,
खिडकीबाहेर सगळे म्हणतात एक.
दिवस उजाडल्यावरच मोजायला लागायचं;
मध्यरात्री, गाव झोपलेलं असताना,
तारीख बदलायला उठतं कोण?

रांगेत पहिली येशीहरेग, पाठीशी गाठोड्यात बाळ.
‘पागुमेच्या तीनला. रात्री आठ वाजता.’

महिन्याच्या चौकटीत बारा नावं.
अस्नाकेच खाली जाते, वर येते, पुन्हा खाली.
पागुमे नाही.
पाच दिवसांचा महिना तो,
त्याचा पगार कुणी देत नाही,
वर्षाच्या उसवल्या काठाला लावलेलं ठिगळ.

आमच्याकडे तेरावा महिना दुष्काळातच येतो, म्हणीपुरता.
हे मी तिला सांगत नाही.
तिच्या तेराव्यात पोरं उघडी धावतात,
त्या दिवशीचं पाणी पवित्र म्हणून.

शेवटी ती चौकटीत सप्टेंबर आठ टाकते, पहाटेचे दोन,
आणि खाली ‘शेरा’ म्हणून जी जागा असते
तिथे खरं ते लिहिते, सावकाश,
एकेका अक्षराला दोन-दोन कळा दाबत.
‘मोठा झाला की यातलं कुठलं सांगू?’ येशीहरेग विचारते.
अस्नाकेच शिक्का शोधते आहे.

बदल लागू व्हायला यंत्र पुन्हा सुरू करावं लागतं.
काळा पडदा उजळतो आणि क्षणभर,
अम्हारिक यायच्या आधी,
त्याच्या जन्माच्या भाषेत काहीतरी पुटपुटतो.
ती नजर वळवते,
पाहुणा कपडे बदलताना वळवावी तशी.