सामावाळा

दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात माझं नाव अरजदार,
त्याचं सामावाळा.
गुजराती कागदांत असंच लिहितात.
सामावाळा म्हणजे समोरचा.
सात वर्षं कुठे होता समोर?

वकीलबाई शिर्के, दांडिया बाजारातल्या, आपल्यातल्याच.
म्हणाल्या, अर्ज तुझा नाही, चार्वीचा आहे.
तू नुसती सही करणारी.
आणि लग्न झालं नव्हतं, हे पहिल्याच पानावर लिहून टाकू.
ते शोधून काढल्याचा आनंद त्यांना कशाला?

इथे भरणपोषण म्हणतात.
मला आपला पोटगी शब्दच बरा वाटला.
त्यात पोट आहे.
तिचं,
आणि ओढणीखाली सातव्या महिन्यापर्यंत लपवलेलं माझं.

खर्चाची यादी करून आण, म्हणाल्या.
फी, रिक्षा, दूध,
चष्मा, दर सहा महिन्यांनी नंबर वाढतो,
दम्याचा पंप, पावसाळ्यात दोन.
यादी बघून बाईंनी पेन खाली ठेवलं.
एवढ्यात भागतं तुझं?
मी म्हटलं, भागवते.
त्या म्हणाल्या, इथे भागवायचं नसतं, लिहायचं असतं.

सामाावाळ्याचा जवाब आला, चार पानी.
कलम तीन: या बाईला मी ओळखत नाही.
कलम पाच: ही बाई पहिल्यापासून तापट आहे.

मग कोर्टाने रक्त मागितलं.

सयाजी हॉस्पिटलात एकाच बाकावर बसवलं आम्हाला,
मध्ये एका पोलीसबाईचा डबा.
चार्वीला सांगितलं होतं, तपासणी आहे.
कसली, ते तिने विचारलं नाही.
दंडाला रबर बांधलं तेव्हा ती खिडकीबाहेर बघत राहिली.
खाली कोणीतरी स्कूटरला किका मारत होतं.
तिने मोजल्या. नऊ.

त्याची पाळी आली.
सुई बघून त्याने डोळे मिटले, ओठ डावीकडे ओढला.
तो ओठ मी रोज सकाळी बघते,
वेणी घट्ट बसली की.
सिस्टरने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे,
आणि लेबल लिहायला घेतलं.

चार्वी बाकावरून उतरली.
दंडावरचा कापूस दाबत त्याच्याजवळ गेली,
गुजरातीत म्हणाली,
अंकल, डोळे मिटले की जास्त दुखतं.
तिकडे बघा, बारीकडे.

त्याने ऐकलं.
डोळे उघडून बारीकडे बघितलं.
फक्त बारीकडे.

रिक्षात तिने विचारलं,
त्या अंकलबरोबर कोणीच नव्हतं?
नव्हतं, मी म्हटलं.
एवढे मोठे, आणि एकटे आले, ती म्हणाली,
आणि काळ्या घोड्यापर्यंत गप्प बसली.

पुढची तारीख बावीस.
रिपोर्ट तोवर येईल, न येईल.
फळ्यावरचं दिसत नाही म्हणते,
म्हणून काच बदलून आणली, रावपुऱ्यातून.
साडेआठशे.
बिलाच्या मागे तिने स्कूटर काढली होती.
तसंच फाइलीला लावलं.